गाणं तेच, रेकॉर्ड वेगळी

घरात जुनी गाणी लागली की एक वाद ठरलेला असतो. मोबाइलवर किंवा कारवां प्लेअरवर एखादं भावगीत सुरू होतं आणि घरातलं सर्वांत वयस्कर माणूस मान हलवतं. "हे ते नव्हे, यात एक कडवं कमी आहे." नाहीतर, "आवाज तोच आहे, पण चढा लागतोय." नाहीतर, "आम्ही रेडिओवर ऐकलं ते दुसऱ्याच कोणी म्हटलं होतं." मुलं-नातवंडं समजूत घालतात की इतक्या वर्षांनी आठवण दगा देणारच. माझा अनुभव उलटा आहे. बहुतेक वेळा आठवण बरोबर असते आणि समोर वाजणारं गाणं खरोखरच वेगळं असतं.

हे असं का होतं, ते कळायला जुन्या गाण्यांची संकलनं कशी तयार होतात ते पाहावं लागतं. मी छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि अशी संकलनं जमवतो: नाट्यपदांच्या, भावगीतांच्या, कव्वालीच्या एलपी, सीडी, कॅसेट. पुष्कळ संग्राहक मूळ रेकॉर्डच्या मागे असतात आणि संकलनाला दुय्यम मानतात. मला ते पटत नाही. मूळ रेकॉर्डवर गाणं असतं. संकलनावर गाणं असतंच, शिवाय ते कोणी निवडलं, कशावरून उतरवलं आणि उतरवताना त्याचं काय झालं, याच्याही खुणा असतात. फक्त त्या वाचता यायला हव्यात.

सुट्या गाण्यांची मोट

'अवीट भावगीते' किंवा 'नाट्यपदांचा खजिना' अशा नावाखाली आज सलग ऐकू येणारी गाणी मुळात एकत्र कधीच नव्हती. ती सुटी निघाली. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर या बाजूला एक गाणं, त्या बाजूला एक. साठच्या दशकात ४५ फेऱ्यांच्या सात इंची छोट्या रेकॉर्ड रुळल्या. त्यांवर दोन किंवा चार गाणी बसत. दुकानात गिऱ्हाईक एक गाणं मागायला येई आणि दुसरं त्याच्यासोबत घरी जाई.

मराठीत सुट्या गाण्याचा हा संसार सर्वांत जास्त भावगीताने थाटला. नाट्यपदामागे नाटक होतं, चित्रपटगीतामागे चित्रपट. भावगीताला असा आधार नव्हता. रेकॉर्ड आणि रेडिओ हेच त्याचं घर. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची कविता गाऊन रेकॉर्ड केली आणि भावगीत घरोघर पोचलं. पुढे जोशी एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत अधिकारी झाले आणि अनेक मोठ्या गायकांचं ध्वनिमुद्रण त्यांच्या देखरेखीखाली झालं. त्याच काळात मुंबईत 'यंग इंडिया' या लेबलाखाली स्वदेशी रेकॉर्डही निघत. ती कंपनी १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षं चालली.

अशी शेकडो सुटी गाणी जमली, त्यांतली काही गाजली, काही विस्मरणात गेली. मग एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली आणि गाजलेल्या दहा-बारा गाण्यांची मोट बांधणं शक्य झालं. तेच संकलन.

तीन मिनिटांचं कुंपण

दहा इंची ७८ ची रेकॉर्ड जेमतेम सव्वातीन मिनिटं वाजते. त्यामागे साधा हिशेब आहे. रेकॉर्डच्या एका बाजूला एकच खाच असते. ती काठापासून सुरू होऊन गोल गोल फिरत लेबलपाशी संपते. मिनिटाला ७८ फेरे, तर सव्वातीन मिनिटांत सुमारे अडीचशे. काठ आणि लेबल यांच्यामधल्या तीन इंचांहून थोड्या कमी जागेत याहून जास्त फेरे बसत नाहीत.

का बसत नाहीत, ते ज्वारीच्या रानावरून लगेच कळेल. तिफणीने पेरलेल्या दोन काकऱ्यांमध्ये ठरावीक अंतर सोडावं लागतं. रान तेवढंच राहिलं आणि काकऱ्या जवळ जवळ घेतल्या, तर त्या जास्त बसतात, पण एका काकरीचं पीक दुसरीत शिरतं. रेकॉर्डच्या खाचेचंही तसंच आहे. खाच सरळ नसते, आवाजाप्रमाणे डावी-उजवीकडे नागमोडी वळते. तबल्याच्या डग्ग्याचा खालचा आवाज आला की ती फार रुंद झोके घेते. शेजारच्या फेऱ्याला धक्का लागू नये म्हणून मध्ये जागा सोडावीच लागते. त्यातून ७८ ची रेकॉर्ड लाखेची. त्यात लाख साधारण पाव हिस्सा, बाकी दगडाची पूड, काजळी असा माल. हे मिश्रण खरबरीत असल्याने त्यात बारीक खाच टिकत नसे.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये एलपी आणली आणि दुसऱ्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ ची रेकॉर्ड. दोन्ही विनाइल या गुळगुळीत प्लास्टिकच्या. आता खाच बारीक झाली, फेरे एकमेकांजवळ आले आणि वेग उतरून एलपीवर मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश झाला. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. आपल्याकडे मात्र ७८ च्या रेकॉर्ड १९७० च्या आसपासपर्यंत निघत राहिल्या. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही, आणि खेड्यापाड्यांत वीज कुठे होती?

या सव्वातीन मिनिटांनी गाणंच घडवलं. बालगंधर्व रंगमंचावर एखादं पद वन्समोअर घेत घेत कितीतरी वेळ रंगवत. त्याच पदाची रेकॉर्ड करताना आलाप आखडला, ताना मोजक्या झाल्या, शेवटची तिहाई घड्याळाकडे बघून घ्यावी लागली. तेव्हा रेकॉर्डवरचं पद म्हणजे नाटकातल्या पदाची नक्कल नव्हे. ती त्याच चिजेची वेगळी, आटोपशीर मांडणी आहे. जी मंडळी 'नाटकात असं नव्हतं' म्हणत, ती खरंच बोलत होती.

लांब गाणं असलं की ते दोन बाजूंवर तोडलं जाई: भाग १, भाग २. रेकॉर्ड उलटेपर्यंत श्रोता थांबे. पुढे संकलनाच्या वेळी काही जणांनी दोन्ही भाग नीट जोडले, काहींनी जागा वाचवायला फक्त पहिला भाग घेतला. आजोबांचं 'एक कडवं कमी आहे' हे पुष्कळदा इथून आलेलं असतं.

जुनं गाणं एलपीवर कसं चढतं

आता मुख्य कारागिरीकडे येऊ. मुद्रणाच्या वेळी गाणं मेणाच्या जाड तबकडीवर कोरलं जाई. त्या मेणावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून उलटा साचा काढत, त्यावरून सुलटा आणि त्यावरून पुन्हा उलटा. हा शेवटचा साचा लाखेवर दाबला की रेकॉर्ड तयार. मधला सुलटा साचा ग्रामोफोनवर वाजवताही येतो. त्याच्यावर कुणी पोलादी पिना घासलेल्या नसतात, त्यामुळे आवाज अत्यंत स्वच्छ मिळतो. तेव्हा संकलन करणाऱ्यापुढे तीन वाटा असतात: धातूचा साचा हाती असेल तर तो, १९५० च्या दशकानंतरचं गाणं असेल तर मूळ टेप, आणि दोन्ही नसतील तर कोणाच्या तरी घरची वापरलेली रेकॉर्ड. तिन्हीतून येणारं गाणं एकच असलं तरी ऐकायला तीन तऱ्हांचं लागतं.

एखादी एलपी ऐकताना दुसऱ्या गाण्यावरून तिसऱ्यावर जाताना आवाज एकदम लांबून आल्यासारखा वाटला, तर बहुतेक साल बदललेलं असतं. १९२५ च्या आधी मायक्रोफोनवर मुद्रण होत नसे. गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाई आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेण कापे. अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर त्यात उतरतच नसत. म्हणून जुन्या मुद्रणांत तबल्याची टक्टक् ऐकू येते, डग्गा बेपत्ता असतो.

याच सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट. नोव्हेंबर १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने कोलकात्यात हिंदुस्थानातली पहिली व्यापारी मुद्रणं केली. त्यांत गायिका गौहर जान होती. गाणं संपलं की ती मोठ्याने स्वतःचं नाव सांगे. कारण मेणाच्या तबकड्या रेकॉर्ड छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिराला कुठलं लेबल कुठे लावायचं ते कळायला हवं. पुढच्या काळातल्या अनेक संकलनांत हे नाव सांगणं कापून टाकलेलं असतं. मला ते अक्षम्य वाटतं. गाण्याचा तो भागच आहे.

यानंतर येतो वेगाचा प्रश्न. '७८' हा आकडा नंतर पक्का झाला. जुन्या रेकॉर्ड कधी ७४ ला, कधी ८० ला मुद्रित झालेल्या आहेत. ७४ ला केलेलं मुद्रण ७८ ला वाजवलं की स्वर जवळजवळ अर्ध्या पायरीने वर जातो, म्हणजे काळी एकमध्ये गायलेली चीज पांढरी दोनच्या आसपास पोचते. सव्वातीन मिनिटांचं गाणं दहाएक सेकंद आधी आटोपतं आणि गळा कोवळा, पातळ लागतो. पेटी हाताशी असेल तर हे घरी तपासता येतं. साथीची पेटी कोणत्याच पट्टीशी जुळेना, दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळत राहिली, तर वेग चुकलाय हे नक्की. कारण पेटीचे सूर ठरलेले असतात, ते गायकासारखे सरकत नाहीत.

तिसरी गोष्ट खाचेच्या त्या रुंद झोक्यांची. खालचे स्वर फार जागा खातात म्हणून कापतानाच ते मुद्दाम कमी करतात. वरचे स्वर बारीक असतात आणि रेकॉर्डच्या खरखरीत बुडतात, म्हणून ते मुद्दाम वाढवतात. वाजवताना यंत्राने नेमकं उलट करायचं, म्हणजे हिशेब जमतो. अडचण अशी की १९५४ पर्यंत किती कमी आणि किती जास्त हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवी. त्या वर्षी अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने एक प्रमाण ठरवलं आणि तेच हळूहळू जगभर झालं. पण १९३८ सालची रेकॉर्ड एलपीच्या प्रमाणाने वाजवून उतरवली, तर आवाज घुमणारा किंवा कर्कश होणारच. पिनेचंही तेच. ७८ च्या खाचेला एलपीच्या पिनेहून सुमारे तिप्पट जाड पिन लागते. बारीक पिन घातली तर ती खाचेच्या तळातून घासत जाते, जिथे वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते.

आणि शेवटी साफसफाई. सीडीच्या जमान्यात खरखर घालवणारी यंत्रं आली आणि लोकांनी ती हात सैल सोडून वापरली. खरखर ज्या पट्टीत असते त्याच पट्टीत 'स', 'श' ही अक्षरं असतात, तानपुऱ्याची जवारी असते, श्वास असतो. खरखर धुतली की हेही वाहून जातं. उरतो तो गुळगुळीत, रजईखालून आल्यासारखा आवाज. थोडी खरखर ठेवून गायिकेचा श्वास राखणारं संकलन मला केव्हाही जास्त मोलाचं वाटतं. तशीच नाराजी बनावट स्टिरिओबद्दल. साठ-सत्तरच्या दशकांत स्टिरिओचं आकर्षण वाढलं, तेव्हा एकाच वाहिनीतलं जुनं गाणं घेऊन वरचे स्वर एका स्पीकरला, खालचे दुसऱ्याला देण्याचा प्रकार जगभर झाला. गायक त्यात मधोमध उभा राहत नाही, हवेत विरघळतो.

दुसराच गळा

काही वेळा मात्र यंत्राचा दोष नसतो, गायकच दुसरा असतो. याचं सर्वांत मोठं मराठी उदाहरण 'गीतरामायण'. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक अशी ग. दि. माडगूळकरांची ५६ गीतं वर्षभर प्रसारित झाली. संगीत सुधीर फडक्यांचं. रेडिओवर ती अनेकांनी गायली: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक आणि इतर, जसं पात्र तसा आवाज. नंतर एलपींचा संच निघाला तो एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजात. पुढच्या पिढ्यांनी हाच संच ऐकला. त्यामुळे १९५५ चा श्रोता 'सीतेचं गाणं बाईच्या आवाजात होतं' म्हणाला की नातवंडांना ते खोटं वाटतं.

हिंदीत आणखी गुंता आहे. पार्श्वगायनाच्या सुरुवातीला रेकॉर्डच्या लेबलवर पुष्कळदा गायिकेऐवजी पडद्यावरच्या पात्राचं नाव छापत. 'महल' (१९४९) मधलं लता मंगेशकरांचं जे गाणं देशभर गाजलं, त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' असं नाव होतं. लेबलवर विसंबून संकलन करणाऱ्याचा अशा ठिकाणी घात होतो.

आणि 'व्हर्जन' तर सगळ्यांना माहीत आहेत. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्यावर जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेली संकलनं ढिगाने आली. कायद्यात तशी सोय होती. कव्हरवर मूळ चित्रपटाचं नाव ठळक आणि आताच्या गायकाचं नाव बारीक अक्षरात.

डेट्रॉइटचा दाखला

सुट्या गाण्यांचं शास्त्रशुद्ध संकलन कसं करावं, हे मी शिकलो ते अमेरिकन सोल संगीताच्या संग्राहकांकडून. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये डेट्रॉइटला सुरू केलेली मोटाऊन कंपनी ४५ च्या सुट्या रेकॉर्डवरच उभी राहिली. मोटारीतल्या आणि ट्रान्झिस्टरच्या लहानशा स्पीकरवर गाणं उठून दिसावं म्हणून त्या रेकॉर्डसाठी एकाच वाहिनीचं, ठोसेबाज मिश्रण करत. एलपीसाठी त्याच गाण्याचं स्टिरिओ मिश्रण वेगळं होई. पुढच्या कितीतरी संकलनांनी सोयीचं म्हणून स्टिरिओ मिश्रण उचललं आणि तिकडचे आजोबाही म्हणू लागले, 'हे ते नव्हे.' अखेर २००५ पासून मोटाऊनच्या १९५९ ते १९७२ मधल्या सर्व सुट्या रेकॉर्ड, दोन्ही बाजूंसकट, निघाल्या त्या क्रमाने आणि निघाल्या त्या मिश्रणात संचांच्या रूपाने आल्या.

याहून मला जास्त भावते ती उत्तर इंग्लंडची हकिकत. तिथल्या कामगार वस्त्यांतल्या तरुणांना गाजलेली सोल गाणी नको होती. त्यांना नाचायला हवी होती अपयशी ठरलेली, कुणी न विकत घेतलेली गाणी. विगन कसीनो या सभागृहात १९७३ ते १९८१ रात्र रात्र हा नाच चाले. रेकॉर्ड लावणारे आपला माल प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवत आणि गायकाचं खोटंच नाव सांगत. १९८२ मध्ये केंट या लेबलने अशा दुर्मीळ गाण्यांची एलपी काढली, पुढे अशा अनेक काढल्या, आणि ज्यांना मूळ रेकॉर्ड परवडत नव्हती त्यांना ते गाणं नाव-गावासह मिळालं.

आपल्या संकलनांत मला हाच अभाव टोचतो. तीच बारा गाणी फिरून फिरून येतात. कव्हर नवं, क्रम नवा, गाणी तीच. गाजलेल्या भावगीताच्या पाठीमागच्या बाजूला काय होतं, हे विचारलं तर कोणाला सांगता येत नाही, कारण ती बाजू कोणत्याच संकलनात आलेली नाही. संकलन गाणं वाचवतं तसं गाळतंही. ती गाळलेली बाजू फक्त ७८ च्या रेकॉर्डवर उरते आणि ती रेकॉर्ड हातातून पडली की संपते. मुंबईत १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने आणि तिच्यातल्या सुरेश चांदवणकर यांनी नियतकालिकातून, ऐकवण्याच्या कार्यक्रमांतून या मागच्या बाजूंची दखल घेतली, याचं मोल म्हणूनच फार आहे.

चौकट: संकलन घेण्याआधी

कव्हरची मागची बाजू आधी वाचा. प्रत्येक गाण्यापुढे साल आणि मूळ रेकॉर्डचा क्रमांक असेल तर करणारा जबाबदार आहे. एचएमव्हीच्या एलपीवर क्रमांकाआधी 'ईसीएलपी' असेल तर ती मोनो, 'ईसीएसडी' असेल तर स्टिरिओ. १९४० चं गाणं दुसऱ्या गटात दिसलं तर सावध व्हा. रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरपी धरा: लेबलच्या कडेच्या गुळगुळीत पट्टीत बारीक अक्षरांत कोरलेला साच्याचा क्रमांक दिसेल. कव्हर एका रेकॉर्डचं आणि आत दुसरी, हा प्रकार यावरून पकडला जातो. नखाला न लागणारे ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा प्रत्येक ओरखडा टक् टक् करणार.

संभाजीनगरच्या पेट्यांतून

पुण्या-मुंबईत जुन्या रेकॉर्डची पेटी उघडली की नाट्यसंगीत, भावगीत आणि हिंदी चित्रपट असा माल निघतो. आमच्याकडे त्यात आणखी एक थर असतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे शहर निजामाच्या राज्यात होतं आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या संस्थानांत मिळून पाच नभोवाणी केंद्रं होती, त्यांतलं एक इथलं, तेव्हाच्या औरंगाबादचं. वली आणि सिराज हे दख्खनी-उर्दू कवी इथले. त्यामुळे शहागंज, सिटी चौक, गुलमंडीच्या जुन्या घरांतून निघणाऱ्या पेटीत बालगंधर्वांच्या शेजारी कव्वाली, नात (पैगंबरांची स्तुतिगीतं) आणि गझल नांदत असते. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात भंगाराच्या ढिगात अशी पेटी दिसली की मी आधी कव्वालीच्या संकलनांवर हात टाकतो. त्यांची नोंद सर्वांत कमी झालेली आहे.

इथलं हवामान मात्र रेकॉर्डचं वैरी. मे महिन्यात पारा ४२ च्या घरात, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त. एलपी आडव्या रचून माळ्यावर टाकल्या की वजनाने आणि उष्णतेने त्या पापडासारख्या वाकतात. एकदा वाकलेली सहजासहजी सरळ होत नाही. त्या उभ्या, पुस्तकांसारख्या, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवाव्यात. धुण्यासाठी बोअरचं पाणी वापरू नये. आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं, वाळताना खाचेत क्षार सोडतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दुकानात सहज मिळतं, ते वापरावं. विनाइलसाठी पाण्यात थोडं स्पिरिट चालतं. पण ७८ च्या रेकॉर्डला स्पिरिट लावूच नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश बनवतात ते अशाच मिश्रणाचं. कापूस फिरवला की काळं पुसून येतं आणि ते काळं म्हणजे धूळ नसते, गाणं असतं.

कॅसेटींचं काय करायचं

आतापर्यंत बोललो ते रेकॉर्डबद्दल. मराठवाड्यातल्या सर्वांत जिवंत सुट्या गाण्यांची संकलनं मात्र रेकॉर्डवर कमी आणि कॅसेटवर जास्त आहेत. ती म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांवरची भीमगीतं. कवी वामनदादा कर्डकांची गाणी आधी जलशांतून, सभांतून तोंडोतोंडी फिरली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा गायक भक्तिगीत, कव्वाली आणि भीमगीत अशा तिन्ही ठिकाणी त्याच ताकदीने गाई. सोलची मुळं जशी चर्चमधल्या भजनात आहेत, तशी या गाण्यांची भजनाच्या आणि कव्वालीच्या बैठकीत आहेत. बाबासाहेबांनी १९५० मध्ये उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवनाचा परिसर इथे, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा इथला. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीला क्रांती चौकात, १४ जानेवारीच्या नामांतर दिनाला विद्यापीठ गेटवर जमणाऱ्या गर्दीत ही गाणी वाजतात. त्यांची ऐंशी-नव्वदच्या दशकांतली संकलनं गावोगावच्या छोट्या कंपन्यांनी काढली. कव्हरवर क्वचितच साल आहे, कवीचं नाव कधी आहे, कधी नाही.

कॅसेट रेकॉर्डपेक्षा लवकर मरते. प्लास्टिकच्या फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी गोंदासारख्या द्रव्याने चिकटवलेली असते आणि आवाज त्या भुकटीच्या चुंबकत्वात साठवलेला असतो. दमट पावसाळ्याने आणि उन्हाळ्याने ते द्रव्य मऊ पडतं, भुकटी सुटते, टेपच्या हेडवर तपकिरी चिकटा साचतो. शिवाय गुंडाळलेल्या फितीचा प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्यावर आपल्या चुंबकत्वाचा पुसट ठसा उमटवतो. म्हणून जुन्या कॅसेटमध्ये गाणं सुरू होण्याआधी क्षणभर त्याच गाण्याची अस्पष्ट चाहूल ऐकू येते.

घरात अशा कॅसेट असतील तर एकदम प्लेचं बटण दाबू नका. आधी शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. इथे स्पिरिट योग्य. मग वाजवताना लगोलग संगणकावर उतरवा, आणि कापाकापी, सफाई न करता ती पहिली प्रत तशीच ठेवा. आतल्या कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा: कंपनीचं नाव, क्रमांक, गीतकार, गायक, वादक, मुद्रणाचं ठिकाण. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो आणि शब्द व चाल यांचा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे ही गाणी छापून वाटता येणार नाहीत, पण त्यांची यादी करायला कोणाची परवानगी लागत नाही. कोणतं गाणं, कोणी लिहिलं, कोणी गायलं, कोणत्या कॅसेटवर कितव्या क्रमांकाला आलं, एवढं एका वहीत उतरवलं तरी पुढे ज्याला संकलन करायचं आहे त्याला हाताशी काहीतरी मिळेल. ज्यांनी ही गाणी गायली, ज्यांनी ढोलकी वाजवली, त्यांतले पुष्कळ जण अजून आपल्याच गल्लीत राहतात. कागदावर नाव नसेल तर त्यांना जाऊन विचारता येतं.